गर्भ नळीत राहिला तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून सारखे येणारे प्रश्न

मी नर्स. बेळगावात लेबर वॉर्ड आणि गायनॅक वॉर्ड धरून बावीस वर्षं झाली, त्यामुळं भावकीतल्या, शेजारच्या, आणि त्यांच्या मैत्रिणींच्या मैत्रिणींच्या मोबाईलमध्ये माझा नंबर आहे. न्हाणीच्या फरशीवर ठेवलेल्या यूपीटीच्या (दिवस गेलेत का ते लघवीवरून बघायच्या) काडीचा फोटो आणि खाली 'अक्का, हे काय ओ?' असा मेसेज आठवड्यातून एकदा तरी येतोच. यातले जे प्रश्न फिरून फिरून येतात ते एका जागी लिहिलेत. मी डॉक्टर नाही, डोस ठरवणं माझं काम नाही, पण कधी उठून गाडी काढायची हे मी नक्की सांगू शकते.

१. 'नळीत राहिलंय' म्हणतात म्हणजे नक्की काय झालंय?

पिशवीच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या असतात, एकेक साधारण १० ते १२ सेंटिमीटरची. बीज आणि शुक्राणू भेटतात ते नळीतच, सगळ्यांचंच तसं असतं, आणि मग तो इवलासा गर्भ चार-पाच दिवसांत सरकत सरकत पिशवीत येतो आणि तिथं रुजतो. कधी कधी तो वाटेतच अडकतो आणि नळीतच मूळ धरतो. पिशवी ताणते, नळी ताणत नाही, मग गर्भ वाढला की नळी चिरते आणि पोटात रक्त साठायला लागतं. डॉक्टर याला एक्टोपिक म्हणतात, पुस्तकात अस्थानिक गर्भधारणा लिहिलेलं असतं. १०० एक्टोपिक धरल्या तर ९० च्या वर नळीतच असतात, बाकीच्या आडजागा प्रश्न १७ मध्ये.

२. मलाच का झालं? काय चुकलं माझं?

काही नाही चुकलं. पपई खाल्ली म्हणून नाही, स्कूटीवरून खड्ड्यातनं गेलात म्हणून नाही, घागर उचलली म्हणून नाही, कुणाची नजर लागली म्हणून तर नाहीच नाही. १०० गरोदरपणांत एक ते दोन असे निघतात, आणि ज्यांना होतं त्यातल्या जवळजवळ निम्म्या बायकांत आधीचं काहीच कारण सापडत नाही.

बाकीच्यांत सापडतं ते नळीला आधी झालेली इजा. ओटीपोटात जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो, अंगावरून पांढरं जात होतं आणि ओटीपोट दुखत होतं पण लाजेनं दाखवलं नाही असं बहुतेक वेळा असतं. आपल्याकडं पिशवीचा आणि नळ्यांचा टीबी हेही कारण आहे आणि तो खोकल्याशिवाय असतो म्हणून कळत नाही. नळीचं किंवा पोटातलं आधीचं ऑपरेशन, एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढणं), पस्तिशीच्या पुढचं वय, आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूबचा उपचार), आणि सगळ्यात मोठं म्हणजे आधी एकदा एक्टोपिक झालेलं असणं. निपाणीच्या एका विडी कामगार बाईनं विचारलं होतं की विड्या वळून झालं का. धोका सिद्ध झालाय तो विडी-सिगारेट ओढण्याचा, कारण नळीच्या आत जी बारीक केसांसारखी लव गर्भाला पुढं ढकलते तिचं काम धुरानं मंदावतं.

३. लक्षणं काय असतात? मला तर नुसता गॅस वाटतोय.

हाच तर घोळ आहे, सुरुवातीला गॅसच वाटतो. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा वेगळी आलेली, डाग लागणं (बऱ्याचदा तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं), आणि ओटीपोटात दुखणं, जास्त करून एका बाजूला पण दरवेळी तसंच असं नाही. बहुतेक जणींना हे शेवटच्या पाळीपासून सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतं. संडासला जोरात लागल्यासारखं वाटतं आणि होत काही नाही, हेही लक्षण आहे, पोटाच्या तळाला रक्त साठलं की तसं होतं. मळमळ, छाती जड होणं हे नेहमीच्या दिवसांसारखंच असतं, त्यावरून काही ठरवू नका.

एक सांगते, आपल्याकडं तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. पाहुण्यांना नका सांगू, गल्लीला नका सांगू, पण घरात एका माणसाला तरी माहीत पाहिजे, कारण नळी फुटते ती याच तीन महिन्यांत आणि बाई चक्कर येऊन पडली तर तिला दिवस गेलेत हे सांगणारं कुणी नसतं.

४. पोटापेक्षा खांदाच दुखूलालाय, त्याचा काय संबंध?

हा प्रश्न वाचत असाल आणि पाळी चुकलेली असेल तर पुढचं वाचू नका, आधी गाडी बघा, मग वाटेत वाचा.

पोटात साठलेलं रक्त वर सरकून छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतं, आणि त्या पडद्याची नस मानेतून येते म्हणून दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं. आडवं झाल्यावर जास्त. बाम चोळून जात नाही.

एका पावसाळ्यात खानापूर भागातली एक पोरगी आली होती, चोविशीची. भातलावणी चालू होती, त्यामुळं खांदा दुखतो म्हणाल्यावर घरच्यांना वाटलं दिवसभर वाकून दुखत असेल, रात्रभर शेकत बसले. सकाळी ओपीडीच्या बाकावर बसून माझ्याशी बोलत होती, नाव, गाव, सगळं नीट सांगत होती. मी पापणी खाली ओढून बघितली तर आतली त्वचा कागदासारखी पांढरी, हात गार, नाडी १३०. बीपीचा पट्टा दोनदा लावला, ७० च्या वर गेला नाही. ऑपरेशनमध्ये पोटातून दीड लिटर रक्त निघालं. तरण्या बायकांचं शरीर शेवटपर्यंत धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं, म्हणून 'बोलतेय की चांगली' यावर कधीही जाऊ नका. ती वाचली, आता तिला एक मुलगा आहे.

खांद्याचं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, घाम, एकदम कळ येऊन पोट कडक होणं, यातलं एकही असेल तर थांबायचं नाही. कुठं जायचं ते प्रश्न १३ मध्ये.

५. यूपीटी दोन लाईनची आली, आशाताईंनी तायी कार्डासाठी (गरोदर बाईच्या सरकारी नोंदीचं कार्ड) नाव पण घेतलं, मग सगळं बरोबरच आहे ना?

दिवस गेलेत एवढंच त्यावरून कळतं. गर्भ कुठं बसलाय हे काडीला कळत नाही आणि कार्डालाही नाही. पाळी चुकून साधारण दोन आठवडे झाले, म्हणजे शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे भरले, की एक स्कॅनिंग करून गर्भ पिशवीत आहे हे बघून घ्यायचं, एवढं केलं तरी अर्धी लढाई जिंकली. आधी एक्टोपिक झालंय, नळीचं ऑपरेशन झालंय, किंवा दुखतंय, डाग लागतायत, अशांनी तर तेवढेही दिवस काढायचे नाहीत.

६. स्कॅनिंगला गेले तर म्हणाले पिशवीत काहीच दिसत नाही, परवा परत या. यांना बघता येत नाही का?

येतं ओ. पोटावरून केलेल्या स्कॅनमध्ये लवकरचं दिसत नाही म्हणून आतून, योनीमार्गातून करतात, त्यात पाच-साडेपाच आठवड्यांना पिशवीतली गर्भाची थैली दिसायला लागते. ती दिसली नाही तर तीन शक्यता असतात: दिवस मोजण्यात गडबड आहे आणि गर्भ अजून लहान आहे, किंवा गर्भ पडून गेला, किंवा तो दुसरीकडं कुठं तरी आहे. त्या दिवशी यातलं कुठलं हे देवालाच माहीत, म्हणून रक्त तपासून परत बोलावतात. हे 'परत या' सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं तेच चुकवतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की येत नाहीत. यायचंच.

आतून स्कॅन केल्यानं गर्भाला काही होत नाही, दुखतही नाही फारसं. आणि आधार कार्ड मागून फॉर्म भरून घेतात तो १९९४ च्या गर्भलिंग निदानबंदी कायद्याचा आहे, प्रत्येक गरोदर बाईच्या स्कॅनला भरावाच लागतो, तुमच्यावर संशय म्हणून नाही.

७. बीटा एचसीजी दोन दोन दिवसांनी काढायला लावतात, एकदाच काढून का भागत नाही?

बीटा एचसीजी म्हणजे दिवस गेल्यावर रक्तात वाढणारं हार्मोन. एक आकडा म्हणजे एक फोटो, आणि आपल्याला चाल बघायची असते. पिशवीतला गर्भ नीट वाढत असेल तर सुरुवातीच्या दिवसांत ४८ तासांत आकडा साधारण दुप्पट होतो, निदान निम्म्यानं तरी वाढतोच. रेंगाळत वाढला किंवा तिथंच अडकला तर शंका येते. भराभर उतरला तर गर्भ आपोआप जातोय असं धरतात, तरी शेवटपर्यंत तपासतात. आकडा ३५०० च्या वर आहे आणि आतल्या स्कॅनमध्ये पिशवी रिकामी दिसतेय, तर एक्टोपिकचा दाट संशय, काही डॉक्टर १५००-२००० लाच सावध होतात.

पण काही एक्टोपिकमध्ये आकडा सुरुवातीला अगदी शहाण्या मुलीसारखा वाढतो, म्हणून नुसत्या कागदावर खूश होऊ नका, दुखलं तर जा. आणि लॅब बदलू नका, एक रिपोर्ट बेळगावचा आणि दुसरा कोल्हापूरचा असं केलं तर मशीन वेगळं, आकडे जुळत नाहीत आणि सगळा हिशोब पाण्यात.

८. मेडिकलमधून पाडायच्या गोळ्या आणून घेतल्या, अंगावरून भरपूर गेलं, तुकडा पण पडला. आता तर सुटले ना?

यावर मला राग येतो, बाईवर नाही, चिठ्ठीशिवाय काउंटरवरून किट देणाऱ्यावर. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे किट विकणं बेकायदा आहे, तरी मिळतं.

मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या पिशवीवर काम करतात, पिशवीतला गर्भ सोडवून बाहेर ढकलतात. नळीतल्या गर्भावर त्यांचा उपयोग होत नाही. आता गंमत बघा, गर्भ नळीत असला तरी पिशवीच्या आतलं अस्तर जाड झालेलंच असतं, गोळ्यांनी ते सुटतं आणि भरपूर रक्त जातं, कधी ते अस्तर अखंड पडतं, पिशवीच्याच आकाराचं, मांसाचा तुकडा वाटावा असं. बाई म्हणते झालं, सुटले. आणि नळीत ते वाढतच असतं. मग आठ-पंधरा दिवसांनी एकदम कळ येते, आणि डॉक्टरनी विचारल्यावर गोळ्यांचं लपवतात, त्यात अजून वेळ जातो. लपवू नका, आम्हाला सांगितल्यानं कुणी पोलीस बोलवत नाही, फक्त निदान लवकर होतं.

गोळ्या घ्यायच्याच असतील तर आधी स्कॅन, नंतर पण स्कॅन, हे दोन्ही डॉक्टरकडं. तातडीची ७२ तासांतली गोळी वेगळी, तिच्यानं एक्टोपिक वाढत नाही, पण ती घेऊनही दिवस राहिले तर गर्भ कुठं आहे ते बघावंच लागतं.

९. ऑपरेशनच करावं लागतं का? माझ्या नणंदेला नुसत्या इंजेक्शननं झालं.

नळी फुटलेली नसेल, बीपी-नाडी ठीक असेल, गाठ साधारण साडेतीन सेंटिमीटरच्या आत असेल, गर्भाचे ठोके दिसत नसतील आणि एचसीजी ५००० च्या खाली (जितका कमी तितकं बरं) असेल तर मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देतात, कमरेवर, वजन-उंचीवरून मोजून. आधी रक्त, लिव्हर, किडनी तपासतात. अशी नीट निवडलेली केस असेल तर दहापैकी आठ-नऊ जणींचं यानं मिटतं, त्यात काहींना दुसरा डोस लागतो. आकडा अगदी कमी आणि आपला आपण उतरत असेल तर काहीच न देता नुसतं लक्ष ठेवतात, तेही उपचारच आहेत.

पण एक अट कुणी कागदावर लिहीत नाही आणि मी नेहमी विचारते: तुम्ही राहता कुठं? चौथ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग दर आठवड्याला रक्ताला यायचं आहे आणि मध्येच फुटलं तर तासाभरात पोचायचं आहे. शहापूर-टिळकवाडीतल्या बाईला हे जमतं. जांबोटीच्या पलीकडं पावसाळ्यात जिथं मोबाईलला रेंज नाही तिथल्या बाईनं इंजेक्शन घेतलं तर तेवढे दिवस बेळगावात नातेवाइकांकडं राहावं. तेही जमणार नसेल तर ऑपरेशन करून मोकळं होणं शहाणपणाचं असू शकतं, डॉक्टरना स्पष्ट सांगा.

अंगावर पाजणारी आई असेल तर हे इंजेक्शन चालत नाही, आधीच सांगायचं.

१०. हे कॅन्सरचं इंजेक्शन आहे म्हणे? केस जातील का? घरी काय पाळायचं?

औषध तेच, डोस अगदी थोडा. भराभर वाढणाऱ्या पेशी थांबवतं, गर्भाच्या पेशी तशाच असतात म्हणून इथं वापरतात. एका डोसनं केस सहसा जात नाहीत. तोंड येणं, मळमळ, थकवा हे होतं, जातं.

सगळ्यात जास्त चुकतं ते हे: फोलिक ॲसिड बंद. दिवस गेले म्हणून आशाताईंनी लोह-फोलिकच्या गोळ्या दिलेल्या असतात आणि बाई इमानदारीनं घेत राहते, पण फोलिक हे या इंजेक्शनचा उताराच आहे, औषध काम करणार नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, ते ब्रुफेन-डायक्लोफिनॅक मनानं घ्यायचं नाही. दारू नाही, कडक उन्हात काम नाही, आकडा शून्यावर येईपर्यंत संबंध नाही, जड उचलायचं नाही. आणि पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

११. इंजेक्शन घेऊन चार दिवस झाले, आकडा उलट वाढला आणि पोट पण दुखतंय. फेल गेलं का?

चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसणं चालतं, बघायचं असतं ते चौथ्या ते सातव्या दिवसात निदान १५ टक्के उतरला का. नसेल तर डॉक्टर दुसरा डोस किंवा ऑपरेशन ठरवतात. थोडं दुखणंही तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून होतं, गर्भ सुटतो त्याचं. पण हे दुखणं साधं की नळी फुटल्याचं हे फोनवर मी सांगू शकत नाही, माझ्या बापाला पण सांगता येणार नाही. जोरात दुखलं, चक्कर आली, की प्रश्न ४ आणि १३.

१२. ऑपरेशनमध्ये नळी काढूनच टाकतात का? वाचवता येत नाही का? आणि ते गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही का?

शेवटचं आधी. नाही येत. जगात कुठंच येत नाही, मुंबईत नाही, अमेरिकेत नाही. इंटरनेटवर कुणी येतं म्हणत असेल तर तो फसवतोय. नळीतला गर्भ वाढून बाळ होऊ शकत नाही, त्यामुळं 'आपण मारलं' हा विचार मनातून काढा.

नळी: फुटलेली असेल, रक्त चालू असेल, तर काढतात. दुसरी नळी चांगली दिसत असेल तरी बहुतेक डॉक्टर काढायचाच सल्ला देतात, कारण चिरून गर्भ काढून नळी ठेवली तर पुढं दिवस राहण्याचं प्रमाण फारसं वाढत नाही, आणि थोडा गर्भ आत राहून परत त्रास व्हायची शक्यता मात्र असते. दुसरी नळी आधीच गेलेली किंवा खराब असेल आणि अजून मूल हवं असेल, तर ठेवायचा प्रयत्न करतात. हे ऑपरेशनच्या आधी बोलून घ्या.

दुर्बिणीतून होत असेल तर दोन-तीन बारीक टाके, दोन-तीन दिवसांत घरी, दोन आठवड्यांत बऱ्यापैकी हिंडता येतं. बाई शॉकमध्ये असेल किंवा तिथं दुर्बीण नसेल तर पोट उघडून करतात. 'दुर्बीणच पाहिजे' म्हणून फुटलेली नळी घेऊन दुसऱ्या गावाला निघू नका. पोट उघडून फुटलेली नळी काढायचं ऑपरेशन इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनी १८८३ साली यशस्वी केलं, त्याआधी अशा बहुतेक बायका मरतच होत्या.

१३. रात्री दोन वाजता असं झालं तर कुठं जायचं? पैसे, कार्ड, काय न्यायचं?

जिथं बाईचं ऑपरेशन आणि रक्त दोन्ही मिळतं तिथं. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट बघायची नाही. बेळगाव, खानापूर, हुक्केरीकडच्यांना बेळगाव, तिथं सरकारी बिम्स आहे, केएलई आहे, इतर मोठी हॉस्पिटलं आहेत. चंदगडकडचे लोक महाराष्ट्रातले असून बेळगावलाच येतात, बरोबरच करतात. निपाणीहून कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडहून मिरज जवळ. रस्त्यावरची राज्याची कमान रक्तस्रावाला दिसत नाही, जवळचं बघायचं.

१०८ ला फोन करा. सीमेवर मोबाईल कधी इकडचा टॉवर पकडतो कधी तिकडचा, म्हणून लागल्या लागल्या जिल्हा, तालुका, गाव सांगा आणि 'दिवस गेलेत, पोटात रक्तस्राव वाटतोय' असंच म्हणा, नुसतं पोट दुखतंय म्हणू नका. गाडीत आडवं झोपवा, पाय थोडे उंच. चहा नाही, सरबत नाही, पाण्याचा घोटही नाही, लगेच भूल द्यावी लागते. रक्त द्यायला येतील असे दोन-तीन धडधाकट लोक बरोबर घ्या. समोर कन्नडच बोलणारे असतील तर तीन शब्द पुरतात: होट्टे नोवु म्हणजे पोटदुखी, भुज नोवु म्हणजे खांदेदुखी, तले सुत्तु म्हणजे चक्कर.

कागद: आधार, रेशन कार्ड, आधीचे स्कॅन-रिपोर्ट, ब्लड ग्रुप. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, इमर्जन्सीत रेफरल लेटर लागत नाही, भरती झाल्यावर काउंटरला विचारा. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केलीय, पण कुठलं कार्ड कुठं चालतं हे भरती झाल्यावर दुसऱ्या माणसानं बघायचं, बाईला गाडीत ठेवून नाही.

१४. नवरा गोव्याला कामाला, सही कोण करणार? आणि फॉर्म कन्नडमध्ये, मला वाचता येत नाही.

अठरा पूर्ण झालेली बाई शुद्धीवर असेल तर तिची स्वतःची सही कायद्यानं पुरते, नवऱ्याची लागतेच असं नाही. हॉस्पिटलवाले नातेवाइकाची मागतात ती त्यांच्या सोयीसाठी, नवऱ्यासाठी ऑपरेशन अडवायचं नसतं. बेशुद्ध असेल तर जीव वाचवायला डॉक्टर पुढं जाऊ शकतात. फॉर्म कन्नड किंवा इंग्लिश असतो, सिस्टरला म्हणा मराठीत वाचून सांगा, बेळगावात मराठी येणारी एक तरी सिस्टर ड्युटीवर असतेच. कुठली नळी, काढणार की ठेवणार, दुसऱ्या नळीला हात लावणार का, एवढं समजून सही करा.

१५. ब्लड ग्रुप निगेटिव्ह आहे, त्याचं काही?

हो. ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन, पुढच्या बाळाला रक्ताचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते. गडबडीत राहून जातं, त्यामुळं तुम्हीच आठवण करा.

१६. मूल बंद व्हायचं ऑपरेशन झालंय, मग नळीत कसं राहील? आणि तांबी असताना?

ऑपरेशननंतर दिवस राहणं दुर्मिळ, पण राहिले तर नळीत असायची शक्यता नेहमीपेक्षा खूप जास्त, कारण बांधलेली नळी थोडी जोडली जाते, शुक्राणू जातो पण गर्भ परत येऊ शकत नाही. माझ्या बघण्यातल्या सगळ्यात उशिरा आलेल्या केसेस याच, कारण 'माझं ऑपरेशन झालंय' म्हणून पाळी चुकली तरी कुणी काडी लावत नाही, पाळी जायला आली म्हणतात. चुकली की काडी लावा, पन्नास रुपयांची गोष्ट आहे. सरकारी शिबिरात ऑपरेशन झालेलं असेल तर फेल गेल्याची नुकसानभरपाई मिळायची योजना आहे, सर्टिफिकेट आणि आताचे रिपोर्ट जपून ठेवा, लवकर अर्ज करा.

तांबीचंही तसंच. तांबीमुळं एक्टोपिक होत नाही, उलट दिवसच राहत नाहीत म्हणून एकूण धोका कमी होतो. पण तांबी असताना दिवस राहिलेच तर लगेच स्कॅन.

१७. पिशवीतच गर्भ दिसला, तरी डॉक्टर म्हणतात जागा बरोबर नाही. हे काय नवीन?

सिझर झालेल्यांत गर्भ जुन्या टाक्याच्या जागी रुजू शकतो, पिशवीच्या तोंडाशी रुजू शकतो, किंवा नळी जिथं पिशवीत शिरते त्या कोपऱ्यात. कोपऱ्यातला उशिरा फुटतो आणि फुटला की रक्त फार जातं. हे साध्या स्कॅनमध्ये सुटू शकतं, मोठ्या हॉस्पिटलला अनुभवी माणसाकडून बघून घ्यायचं, आणि पिशवी साफ करून टाकू म्हणून कुठल्याही छोट्या ठिकाणी हात लावू द्यायचा नाही.

दुसरा अपवाद आयव्हीएफवाल्यांचा: एक गर्भ पिशवीत आणि एक नळीत, दोन्ही एकदम. आपोआप राहिलेल्या दिवसांत हे हजारोंत एक, आयव्हीएफमध्ये बरंच जास्त. म्हणून 'पिशवीत दिसलं, आता काळजी नाही' हे तुम्हाला पूर्ण लागू नाही, दुखलं तर परत बघायला लावा. यात मेथोट्रेक्सेट देता येत नाही, पिशवीतल्या बाळाला मारेल.

१८. एक नळी गेली. परत दिवस राहतील का? किती थांबायचं?

राहतात. दोन वर्षांत साधारण तीनपैकी दोघींना पिशवीत नीट गर्भ राहतो. एकच नळी असली तरी ती दुसऱ्या बाजूचं बीजही उचलते, त्यामुळं चान्स निम्मा होतो असं काही नाही. परत एक्टोपिक व्हायची शक्यता १० टक्क्यांच्या आसपास, दोनदा झालं असेल तर अजून जास्त. इंजेक्शन झालं असेल तर तीन महिने, ऑपरेशन झालं असेल तर निदान एक-दोन पाळ्या जाऊ द्या, डॉक्टर सांगतील तसं. पुढच्या वेळी पाळी चुकल्या दिवशीच काडी आणि सहाव्या आठवड्यात स्कॅन, तेव्हा 'कशाला एवढ्या लवकर' म्हणणाऱ्यांचं ऐकायचं नाही.

१९. घरचे म्हणतात बाळ नव्हतंच, रडतेस कशाला. सासूबाई यल्लम्माला चला म्हणतात.

दिवस गेले होते, नाव मनात ठरवलं होतं, आणि वर पोटाला टाके. रडू येणारच, या रडण्याला महिन्यांचा हिशोब नसतो. नवऱ्यालाही येतं, तो बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतो एवढंच. झोप लागेना, जेवण जाईना असं दोन-तीन आठवडे राहिलं तर डॉक्टरना सांगा, त्यालाही औषध आहे.

यल्लम्माला जावा की, सौंदत्ती कुठं पळून जात नाही, सासूबाईंच्या मनालाही बरं वाटेल. फक्त टाके ओले असताना एसटीच्या मागच्या सीटवर बसून नाही, दुर्बिणीचं असेल तर दोन-तीन आठवडे आणि पोट उघडलेलं असेल तर दीड महिना जाऊ दे.

२०. ऑपरेशनला पंधरा दिवस झाले, सहज काडी लावली तर अजून दोन लाईन. परत राहिलं का?

बहुतेक जुन्याचंच उरलेलं आहे. एचसीजी रक्तातून जायला काही आठवडे लागतात, काडीवर पुसट लाईन तोवर येत राहते. नळी चिरून ठेवली असेल तर मात्र दर आठवड्याला रक्तातला आकडा शून्यावर येईपर्यंत तपासायचाच, थोडा गर्भ आत राहिला असेल तर तो यातच कळतो. नळी काढली असेल तर काड्या लावत बसू नका, त्यानं नुसता जीव खालीवर होतो. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पहिली जरा जास्त जाते. आठ आठवडे झाले तरी आली नाही तर दाखवा.